पोळ्याच्या तीन दिवसांची नोंद

सुनावणी दुपारी तीनला होती आणि गोपाल सकाळी अकरापासूनच इस्त्रीचा शर्ट घालून घरभर फिरत होता. नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात तो कनिष्ठ अभियंता. तलावाची भिंत पाच फूट वाढवायच्या प्रस्तावापायी त्यानं चार वर्षं चपला झिजवल्या होत्या. तांत्रिक मंजुरी झाली, वनखात्याचा ना हरकत दाखला झाला, मोजणी झाली, पाणी जिथवर चढणार त्या बुडीत रेषेवर पिवळे दगड रोवून झाले. आता लोकांच्या हरकती ऐकायच्या, त्यांचं इतिवृत्त जोडायचं आणि फाईल मुंबईला पाठवायची. गावात नवव्या दिवशी नळ येत होता, तो दिवसाआड येणार होता. पोरानं एवढं काम तडीस नेलं तर बापानं गल्लीभर मिरवायला हवं. बापूजींचा मात्र सकाळचा चहासुद्धा अजून तसाच पडला होता.

टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ती नोंदवही ठेवलेली होती. तिच्याकडे पाठ करून बसायला घरात दुसरी खुर्ची नव्हती.

बापूजी एकतीस वर्षं त्याच तलावाचे चौकीदार होते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भिंतीवरच्या पांढऱ्या मोजपट्टीवर पाणी कुठं टेकलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं; सांडव्यावरून पाणी जात असेल तर किती फुटांनी जातंय तेही लिहायचं. एवढंच काम, पण माणूस नेमाचा. अक्षर असं की तालुक्याच्या शाळेतले गुरुजी लाजतील. निवृत्त झाले तेव्हा त्या वह्या रद्दीत जाणार होत्या. गोपालनं त्या वाचवल्या आणि आज त्यातली सगळ्यात महत्त्वाची सोबत घेऊन तो निघाला होता.

"बाबा, हे पाहा." त्यानं अहवाल उघडून समोर धरला. "सल्लागारानं लिहिलं आहे, एकाच हातानं एकतीस वर्षं लिहिलेली, एका दिवसाचाही खंड नसलेली नोंद. तुमचं नाव घातलं त्यायनं. पान चौदा."

"कायले घातलं?"

"कायले म्हंजे? बुडीत रेषा तुमच्या वहीवरून तं काढली. एकतीस वर्षांत सांडव्यावर दीड फुटाच्या वर पानी गेलंच नाही. म्हनून जांभुळधऱ्याचं एकही घर बुडीतात येत नाही. नाहीतं अख्खी वस्ती उठवा लागली असती. मंग जागा पाहा, कोर्टात जा, दहा वर्षं भिंतीले हात लागला नसता."

बापूजींनी पान चौदा पाहिलं. त्यावर वहीच्या एका पानाचा फोटो छापला होता. नमुना म्हणून सल्लागारानं नेमकं पोळ्याचं पान उचलावं, याला काय म्हणावं? खांदशेकणीचा दिवस, दोन्ही वेळा एक फूट. पोळा, एक फूट. तान्हा पोळा, एक फूट. खाली सही. त्या तिन्ही ओळी एकाच बैठकीत, एकाच शाईनं लिहिल्या होत्या, हे जगात आता एकच माणूस ओळखू शकत होता आणि तो खुर्चीत बसून चष्मा पुसत होता.

तेवढ्यात दाराशी ऑटो थांबला आणि जांभुळधऱ्याहून तानाबाई आली. बापूजींपेक्षा पाच वर्षांनी मोठी बहीण, एकोणऐंशी वर्षांची, तरी हातातली तुरीच्या शेंगांची पिशवी तिनं ऑटोवाल्याला उचलू दिली नाही. वस्तीतल्या बाकीच्या बाया नगर परिषदेच्या आवारात उतरल्या होत्या. ही भावाकडे जेवून मग जाणार होती.

"सोले काढ व पोरी," तिनं सुनेला, निशिगंधाला हाक मारली. "आज सोल्याची भाजी खाऊनच जातो आमी तुमच्या सायबाकडं अंगठा द्याले."

"हरकत नाही म्हनून अंगठा ना, आत्याबाई?" गोपाल हसत म्हणाला.

"माह्यी कायची हरकत, बाप्पा? तुह्या पिवळ्या दगडाच्या वर चाळीस पावलं हाये मी. मोजून पाह्यलं."

गोपाल खूश होऊन फोनवर बोलायला बाहेर गेला. तानाबाई मागच्या पडवीत, पाण्याच्या ड्रमांच्या ओळीशी शेंगा घेऊन बसली. बापूजी थोडा वेळ उंबऱ्यात घुटमळले आणि मग तिच्यासमोर पाटावर टेकले. एक शेंग हातात घेतली. ती सोलली नाही.

"बाई, मी आज सांगून टाकतो."

"काय?"

"वहीतलं. पोळ्याचं."

तानाबाईचे हात थांबले नाहीत. तिला काय ते लगेच समजलं होतं.

बत्तीस वर्षांपूर्वी, चैत्रात, तिचा नवरा रामधन गेला. मूलबाळ नाही. दिरांनी तेरावं उरकल्यावर सांगून टाकलं, वहिनी, आता माहेरी जा, बैल आम्ही नेतो. तानाबाईनं बैल दिले नाहीत. पण पोळा आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की खांदशेकणीला बैलांचे खांदे शेकायला आणि दुसऱ्या दिवशी ते तोरणाखाली उभे करायला घरात माणूसच नाही. तोरणात ज्याचे बैल उभे राहतात, त्याचं घर वस्तीत उभं आहे असं धरतात. ते त्या दिवशी दिसले नसते तर तिचं घर मोडलं असंच सगळ्यांनी धरलं असतं. तिनं बापूला निरोप धाडला.

तलावावर तेव्हा रजा मिळायची सोयच नव्हती. पण सणाच्या दिवसांची नोंद आधीच लिहून ठेवायची रीत सगळ्या चौकीदारांत होती. पाणी काय दोन दिवसांत कुठं पळून जातंय, असं सगळेच म्हणायचे. बापूजींनी त्याआधी कधी तसं केलं नव्हतं. त्या वर्षी केलं. सांडव्यावर एक फूट होतं, तेच तीनदा लिहिलं, वाल्वमन अब्दुल गनीला भिंतीवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि सायकल काढली. पळसाच्या पानानं बैलांचे खांदे तुपाहळदीनं शेकले. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं त्यांच्या कानात सांगितलं. पोळ्याच्या संध्याकाळी रामधनचे बैल तोरणाखाली उभे राहिले आणि दिरांनी माना खाली घातल्या. बापूजींना त्या संध्याकाळचा अभिमान आजही वाटतो. तो वाटतो, हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या पहाटे पाणी आलं. तलावाला एवढं पाणी सांडव्यातून सोडवेना म्हणून ते मागं चढत गेलं, नाल्यानं वस्तीत शिरलं. तानाबाईच्या अंगणात ते बापूजींच्या छातीला लागलं. त्यांनी बैल सोडले, बहिणीला धरून टेकडीवर नेलं. दुपारपर्यंत पाणी ओसरलं. माणूस गेला नाही, म्हणून बातमी झाली नाही. परत आल्यावर अब्दुल गनी म्हणाला, "बापू, तुही पट्टीच बुडाली व्हती रे. आकडा कुठं पाहू मी?" बापूजी वही उघडून बसले. तीन ओळी कोरड्या होऊन पडल्या होत्या. खोडावं तर कुठं होतास म्हणून विचारतील. आठ दिवसांनी साहेब वही तपासायला आले, त्यांनी पानावरून नुसती नजर फिरवली आणि सही केली. बापूजींचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षांमागं अब्दुल गनी वारला, आणि ती गोष्ट सांगणारं तलावाच्या बाजूनं कुणी उरलं नाही.

"कायले सांगतं आता?" तानाबाईनं विचारलं.

"भिंत पाच फूट वर जाऊन राह्यली, बाई. तवाचं पानी आता आलं तं तुह्या आंगनात नाही, आड्याले लागीन."

"बत्तीस वर्षांत आलं काय फिरून?"

"नाही आलं. म्हनून येनारच नाही असं कोन सांगते?"

"अन् तू सांगतलं तं काय होईन, ते मी सांगतो. तो पिवळा दगड उपटतीन अन् माह्या घरामांगं नेऊन रोवतीन. मले डांबरी रोडावरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकतीन. त्या घरातून दिरानं काढून पाह्यलं, निंघालो नाही. आता भावानं काढलं असं म्हनू काय मी लोकायले?"

"मी नाही काढून राह्यलो व तुले."

"मंग कोन काढून राह्यलं?"

बापूजींनी हातातली शेंग खाली ठेवली. तुझ्याच पायी लिहिलं होतं मी तसं, हे शब्द अगदी ओठावर आले. तानाबाईनं ते जणू वाचले.

"म्या म्हटलं व्हतं काय तुले, खोटं लिही म्हनून?"

"नाही."

"मंग," ती म्हणाली आणि सोल्यांचं ताट उचलून आत गेली.

निशिगंधा बादली घेऊन ड्रमापाशी कधीची उभी होती. शाळेत शिकवणारी बाई, ऐकलं ते न ऐकल्यासारखं करायची तिला सवय नव्हती.

"मामाजी, ह्यांना आधी सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "जेवताना सांगा. तिथं सगळ्यांसमोर नका. मनाला लावून घेतील."

"तुले नळ नको काय दिवसाआड?"

"हवाय की. नवव्या दिवशी हे ड्रम भरून माझी कंबर गेली. पण आत्याबाईंच्या घरावरून आलेला नको."

घरात आपल्या बाजूचं एक माणूस आहे, एवढ्यानंही बापूजींना बरं वाटलं. जेवताना सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. भाकरी आली, सोल्यांची भाजी आली, ठेचा आला. गोपाल बोलत होता. भिंतीच्या भूमिपूजनाला बाबांच्याच हातून नारळ फोडायचा, असं नगराध्यक्ष म्हणाले होते. एका चौकीदाराच्या पोरानं तोच तलाव मोठा केला, हे कुठल्या पुस्तकात वाचलं तर खरं वाटणार नाही, असंही तो म्हणाला. तानाबाई खाली मान घालून भाकरी चुरत होती.

"मामाजींना काहीतरी सांगायचं होतं," निशिगंधा मध्येच म्हणाली.

गोपालनं घास हातात धरून बापाकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर सातवीतल्या पोराचा आनंद होता.

"सांगा ना, बाबा."

बापूजींनी पाण्याचा घोट घेतला. "सोले चांगले शिजले आज," ते म्हणाले.

निशिगंधानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठून ताटं आवरू लागली. बापूजींना स्वतःची एवढी लाज फार वर्षांत वाटली नव्हती.

सभागृहात साठ-सत्तर माणसं असतील. सुनावणीला उपजिल्हाधिकारी बाई आल्या होत्या. शांत, पन्नाशीच्या, प्रत्येकाला आधी बसा म्हणणाऱ्या. मासेमारी संस्थेच्या अध्यक्षांनी आपली हरकत दिली. एका शेतकऱ्यानं विहिरीचं विचारलं. जांभुळधऱ्याच्या लोकांनी एकगठ्ठा लिहून दिलं होतं, आमची वस्ती बुडीताबाहेर आहे, आमची हरकत नाही. खाली एकतीस सह्या आणि अंगठे. बापूजी ते ऐकत होते. या एकतीस माणसांत त्या पहाटे टेकडीवर कुडकुडलेली निदान दहा माणसं होती, आणि ती सगळी मूग गिळून समोर बघत होती. त्यांना दोष तरी काय द्यायचा? ती आपापल्या घरासाठी गप्प होती.

"आणखी कुणाला काही सांगायचं आहे?" बाईंनी विचारलं.

बापूजी उभे राहिले. मंचाला दोन पायऱ्या होत्या. गोपालच पुढे झाला आणि त्यानं बापाचा दंड धरून त्यांना वर चढवलं. त्याला वाटलं, बाबा वहीबद्दल दोन शब्द बोलणार. त्यानं माईकसुद्धा खाली वाकवून दिला.

"मी बापूजी काळबांडे. तलावाचा चौकीदार व्हतो. ती वही माह्यी हाये." "तिच्यातले पोळ्याचे तीन दिवस खोटे हायेत."

गोपालचा हात अजून त्यांच्या दंडावर होता. तो सुटला.

"खोटे म्हणजे?" बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आधीच लिहून ठेवले व्हते. मी तलावावर नव्हतोच. जांभुळधऱ्याले बहिनीकडं व्हतो. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिच्या आंगनात पानी माह्या इथवर व्हतं." त्यांनी छातीवर आडवा हात धरला. "सांडव्यावर एक फूट नाही, मोजपट्टीच बुडाली व्हती. भिंत वाढवा, पन ती रेषा चुकली हाये. वस्ती आधी उठवा."

सभागृहात कुजबूज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, आता काय काढलं म्हाताऱ्यानं. बाईंनी हात वर करून गप्प केलं.

"तुमच्या भगिनी इथं आल्या आहेत का?"

बायांच्या रांगेतून तानाबाई उठली. पदर सारखा केला. एवढ्या माणसांसमोर ती जन्मात पहिल्यांदा उभी होती, पण गडबडली नाही.

"आजी, त्या पोळ्याला तुमच्या अंगणात पाणी आलं होतं का?"

"पाऊस व्हता बाई. चिखल झालता. पानी नाही आलं."

"आणि हे तुमच्याकडे आले होते?"

तानाबाईनं भावाकडे पाहिलं. बापूजींना वाटलं, आता ती थांबेल. पाण्याचं ती बोलणार नाही हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पण हे?

"नाही," ती म्हणाली. "माह्या मालकाच्या तेराव्याले आलता. पोळ्याले नाही. पोळ्याले कोनीच नव्हतं."

ती खाली बसली. बापूजी मंचावर तसेच उभे राहिले. छातीवरचा हात खाली घ्यायचं त्यांना भान नव्हतं.

बाईंनी वही मागवली. पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "हे अक्षर तुमचंच ना? सही तुमचीच?"

"हो."

"वय काय तुमचं?"

"चौऱ्याहत्तर."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग फार मऊ आवाजात, म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये अशा बेतानं त्या म्हणाल्या, "बापूजी, कागद तुमचा आहे, अक्षर तुमचं आहे आणि तुम्ही म्हणता त्याला वस्तीतलं एकही माणूस दुजोरा देत नाही. तुमचं म्हणणं मी नोंदवते. पण तुमच्या हातच्या एकतीस वर्षांच्या नोंदीपेक्षा तुमचं आजचं बोलणं मला जास्त धरता येणार नाही."

आयुष्यभर ज्या अक्षराचं कौतुक झालं, तेच अक्षर त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं होतं, आणि ते इतकं सुबक होतं की कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. इतिवृत्तात एक ओळ पडली, एका ज्येष्ठ नागरिकाची तोंडी हरकत पुराव्याअभावी अमान्य. खाली त्यांचीच सही घेतली. सही पहिल्यासारखीच आली.

बाहेर आवारात निशिगंधानं त्यांना पाणी दिलं. गोपाल आला तो वही काखेत घट्ट धरून.

"बाबा, घरी काहून नाही सांगतलं?"

"सांगनार व्हतो."

"मंग?"

"तुह्या तोंडाकडं पाह्यलं अन् नाही सांगता आलं."

गोपालनं ओठ चावला. फाटकाशी तानाबाई बायांबरोबर ऑटोची वाट बघत उभी होती, वीस पावलांवर. "आत्याबाई खोटं बोलते काय, बाबा?"

"विचार तिले."

गोपालनं तिकडे पाहिलं. विचारायला एक मिनिट लागलं असतं. तो पाऊल उचलणार असं बापूजींना वाटलंही. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आत मॅडम थांबल्या आहेत. इतिवृत्त आजच पाठवा लागते," तो म्हणाला आणि वळला. वळताना त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला बापूजींनी स्पष्ट पाहिला. साहेबांनी न वाचता सही केली त्या दिवशी आपलाही चेहरा असाच झाला असणार. बापूजींना पोराचा राग आला नाही. त्याला आपण हे दिलं, एवढंच फार वाईट वाटलं. निशिगंधानं मात्र नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती त्या घरात पुढे बरेच दिवस राहणार होती.

ते फाटकाशी गेले. बाया ऑटोत चढत होत्या. तानाबाई त्यांना बघून मागं थांबली.

"रागावला काय रे?"

"पानी नाही म्हटलं ते समजलं मले, बाई. मी आलोच नाही असं काहून म्हटलं?"

तानाबाईचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. "आलता म्हटलं असतं तं पुढचंही सांगा लागलं असतं. वहीत तू तलावावर हाये ना? मंग मी बी तुले तिथंच ठेवलं. तेवढं एक माह्या जिवाले लागीन आता, मरेपर्यंत. माह्यासाठी कोन आलं व्हतं, ते मले माहीत हाये."

ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला. बापूजींनी तिची पिशवी आत ठेवली.

"अन् खरंच आलं तं, बाई? पानी?"

"आलं तं आलं," ती बसता बसता म्हणाली, जेवायला येशील का विचारावं इतक्या साध्या आवाजात. "तू येशीन ना."

बापूजींना मंचाच्या दोन पायऱ्याही पोराच्या हाताशिवाय चढता आल्या नव्हत्या. सायकल विकून अकरा वर्षं झाली होती.

"येईन," ते म्हणाले. ते इतक्या लवकर बोलून गेले की त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तानाबाईनं मान हलवली आणि ऑटो निघाला.